कॉन्यूरच्या दोन पिल्लांची पिसं: आतापर्यंतची नोंद

ग्रीन-चीक कॉन्यूर या छोट्या पोपटाची ही दोन पिल्लं एकाच घरट्यातली. थोरल्याचा पिसारा भरत आलाय, धाकट्याचा डावा पंख मात्र अडलाय. ओळखीतल्या पक्षी पाळणाऱ्यांकडून दोनच सल्ले मिळाले: 'व्हिटॅमिन सुरू कर' आणि 'पीबीएफडी दिसतोय, वेगळं ठेव' (पीबीएफडी म्हणजे पोपटांच्या चोच आणि पिसांचा विषाणूजन्य रोग). दुसरा त्याच दिवशी पाळला. पहिला अजून पाळलेला नाही, आणि सध्या पाळणारही नाही.

शेपटीवरची रेघ

दोघांच्याही शेपटीच्या पिसांवर एक बारीक आडवी रेघ आहे. उजेडासमोर धरलं की तिथे पीस विरळ, जवळजवळ पारदर्शक दिसतं. यालाच आपण स्ट्रेस बार म्हणतो. पीस मुळाकडून वाढतं, म्हणजे टोक सगळ्यात जुनं. रेघ टोकापासून साधारण एक तृतीयांशावर आहे, तेव्हा गडबड पीस अर्धंही आलं नव्हतं तेव्हाची. शिवाय ती सगळ्या पिसांवर एकाच उंचीवर आहे. मोठा पक्षी शेपटीची पिसं थोडी थोडी बदलतो, त्यामुळे त्याच्या रेघा वर-खाली पडतात. घरट्यातल्या पिल्लाची शेपूट एकदमच वाढते, म्हणून रेघही एका ओळीत येते.

ब्रीडरला विचारलं तेव्हा कळलं की हँडफीडिंगच्या (हाताने भरवण्याच्या) त्याच सुमारास दोघांचीही क्रॉप, म्हणजे गळ्यातली अन्नाची पिशवी, हळू रिकामी होत होती आणि फॉर्म्युला (पिल्लांना भरवायचं खाद्य) पातळ करून दिला जात होता. रेघेचं कारण मला एवढंच पुरेसं वाटतं. पीस जवळपास सगळं केराटिनचं, म्हणजे प्रथिनाचं. वाढीच्या ऐन दिवसांत पोटात कमी गेलं की त्या दिवसांत बनलेला भाग कमकुवत होणारच. ही रेघ आता पुसली जाणार नाही, कारण वाढ पूर्ण झालेलं पीस निर्जीव असतं. ते मोल्टमध्ये, म्हणजे जुनी पिसं गळून नवी येतात तेव्हा, गळेल तेव्हाच बदलेल. त्यामुळे आज व्हिटॅमिन देऊन शेपटी सुधारेल ही आशा सोडा. ए आणि डी3 चा डोस जास्त झाला तर वेगळंच दुखणं मागे लागतं. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर वाढवलेल्या पक्ष्यात व्हिटॅमिन ए आणि कॅल्शियमची कमतरता खरंच असते, पण तिथेही आधी आहार बदलायचा असतो. आमची दोघं पेलेट (तयार खाद्याचे दाणे) आणि भाज्यांवर आहेत.

डावा पंख

धाकट्याच्या डाव्या पंखात उड्डाणाची तीन पिसं अशी आहेत की नव्या पिसावर असतं ते पांढरं आवरण सुटतच नाही. त्यातलं एक मुळाशी आवळल्यासारखं आणि दांड्यात सुकलेलं काळपट रक्त. हे बघून छातीत धस्स झालं, कारण न सुटणारं आवरण, मुळाशी चिमटलेला दांडा आणि आत रक्त हीच पीबीएफडीची ठळक लक्षणं. तो ज्याच्यामुळे होतो तो सर्कोव्हायरस पिसाच्या मुळातल्या वाढत्या पेशींवर आणि प्रतिकारशक्तीवर घाला घालतो, आणि जास्त करून कोवळ्या वयात पकडतो. त्यावर थेट औषध नाही. पिसांच्या धुळीतून आणि विष्ठेतून पसरतो, बाहेर बराच काळ टिकतो.

पण पीबीएफडीतली पिसं सहसा दोन्ही बाजूंना सारखी बिघडतात आणि दर मोल्टला अवस्था आणखी खालावते. पॉलिओमाव्हायरस या दुसऱ्या विषाणूतून वाचलेल्या बजींचंही (बजरीगार पोपटांचंही) तेच: दोन्ही पंखांतली मोठी पिसं आणि शेपूट जाते, पिल्लं उडायच्या ऐवजी पळत सुटतात. फ्रेंच मोल्ट म्हणतात ते हेच. धाकट्याचा उजवा पंख स्वच्छ आहे. एकाच बाजूला बिघाड म्हटलं की मी आधी इजा धरतो: आईबापांनी किंवा भावंडाने घरट्यात कुरतडलेलं, कुठे पंख अडकून वाढतं पीस पिचलेलं, किंवा पिसाच्या मुळालाच मार बसलेला.

तरीही अंदाजावर दोन पक्ष्यांचा जीव टांगायचा नाही. डॉक्टरांनी रक्त आणि उपटलेल्या पिसाचा गर असे दोन्ही नमुने पीसीआरला, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासणीला, पाठवले. फक्त रक्त का नाही, असं विचारलं तर म्हणाले, ज्या पक्ष्याची पिसं बिघडली आहेत त्याच्या पांढऱ्या पेशी खूप घटलेल्या असतील तर रक्तातून विषाणू निसटू शकतो. दोन्ही निगेटिव्ह आले. पॉलिओमासाठी रक्ताबरोबर विष्ठामार्गाचा स्वॅबही घेतला होता, तोही निगेटिव्ह. थोरल्याचीही तीच तपासणी झाली, तीही निगेटिव्ह.

नसते संशय

डोक्यावरच्या पांढऱ्या काड्या, म्हणजे आवरणातली नवी पिसं, बघून काहींना काळजी वाटली. डोक्यापर्यंत पक्ष्याची स्वतःची चोच पोचत नाही, तिथलं आवरण जोडीदार सोडवतो. वेगळं ठेवल्यावर ते राहणारच. वाळलेलं आवरण बोटांत हलकेच चोळलं की गळतं, पण मुळाशी निळसर रक्त दिसत असेल तर हात लावू नका.

धाकट्याच्या पाठीवर एक-दोन हिरव्या पिसांत पिवळी झाक आहे. पोपटांत हिरवा रंग म्हणजे पिवळं रंगद्रव्य आणि पिसाच्या रचनेतून दिसणारा निळा यांची बेरीज. रचना बिघडली की निळा जातो, पिवळा उरतो. असे डाग पसरत गेले तर यकृताची तपासणी करावी लागते. दोन पिसांसाठी मी ती करत नाही. आणि हो, गाजर खाऊन पोपट रंगत नाही, तो आपलं रंगद्रव्य स्वतः बनवतो. गाजर व्हिटॅमिन ए साठी द्या, खुशाल द्या.

किड्यांचा संशयही आला होता. डॉक्टरांनी त्वचा पाहिली, काही निघालं नाही. विषय संपला.

पुढे

डॉक्टरांनी चिमटलेलं पीस काढलं, त्या जागी नवं पीस डोकावतंय. ते सरळ आलं तर मुळाला कायमची इजा नाही. पुन्हा आवळलेलं आलं, पण फक्त तिथेच, तर इजेचाच अंदाज पक्का होतो. उजव्या पंखातही तसंच काही सुरू झालं तर निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबणार नाही, पिसाच्या मुळाची बायोप्सी करायची हे डॉक्टरांशी ठरलंय. पीसीआर 90 दिवसांनी परत होईल. तोवर पिंजरे वेगळ्या खोल्यांत, आधी थोरल्याचं काम, मग धाकट्याचं, आणि नंतर कपडे बदलून हात धुणं. नवा पक्षी घरात आणायचा नाही, दुसऱ्याचा दोन दिवस सांभाळायलासुद्धा नाही.