रांगण्यावरून निघालो, मालवणच्या पाण्यात उतरलो

मालवणला मी लहानपणापासून सहा-सात वेळा तरी गेले असेन. आम्हा कोल्हापूरकरांना समुद्र म्हटलं की आधी मालवणच आठवतं. रात्री गाडीत झोपायचं, घाटात कुणाला तरी मळमळायचं, आणि डोळे उघडले की दोन्ही बाजूंना माड. मधलं काहीच आठवत नाही. यंदा डिसेंबरात आमच्या कॉलेजच्या निसर्ग मंडळाची सहल ठरली तेव्हा सरांनी एकच अट घातली. मालवणला जायचं, पण घाट पायांनी उतरायचा. शनिवारी पाटगावकडून रांगणा गड चढून पलीकडे कोकणातल्या नारूरला उतरायचं, आणि रविवारी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागच्या बाजूला स्नॉर्केलिंग, म्हणजे मास्क आणि नळी लावून तरंगत पाण्याखालचं बघायचं. आम्ही चौदा जण, सर आणि मॅडम.

शुक्रवारी रात्री कोल्हापुरातून टेम्पो ट्रॅव्हलरने निघालो. गारगोटी, कडगाव, पाटगाव करत भटवाडीला पोचायला एक वाजला. एका घराच्या पडवीत सतरंज्या टाकून आडवे झालो. थंडी अशी की सॅकमधले सगळे कपडे अंगावर चढवूनही दात वाजत होते. पाटगाव मधाचं गाव म्हणून ओळखलं जातं. सकाळी चहाबरोबर त्या घरातल्या आजींनी वाटीभर मध आणून ठेवला. दाट, काळपट, आणि घशाखाली उतरताना किंचित कडवट. बाजारातल्या बाटलीतल्या मधाशी त्याचं काही नातं आहे असं वाटलंच नाही.

गाडी तिथूनच परत पाठवली. तिला आजरा, आंबोली, सावंतवाडी असा वळसा घालून संध्याकाळी नारूरला यायचं होतं. ती वळणाआड गेली तेव्हा पहिल्यांदा मनात आलं की आता खरंच चालत कोकणात जायचं आहे.

वाटाड्या म्हणून गावातले एक मामा बरोबर होते. चिक्केवाडीकडे जाणारी वाट दाट जंगलातून जाते. अर्ध्या तासात वाटेवर गव्याचं शेण दिसलं. मामांनी काठीनं उलटून बघितलं आणि म्हणाले, "रातीचा गेलाय. दंगा करू नगासा." त्यानंतर चौदाच्या चौदा जण इतके गप्प चालले की पानांवरून दव टपकल्याचं ऐकू येत होतं. गवा काही दिसला नाही. शेकरू मात्र दिसलं. ते या फांदीवरून त्या फांदीवर झेपावलं तेव्हा त्याची शेपटी क्षणभर उन्हात आली आणि तांबूस उजळली.

जंगल संपलं आणि कड्याची धार आली. इथे सरांनी सगळ्यांना थांबवलं. ते म्हणाले, या धारेच्या पूर्वेला पडलेला पाऊस वेदगंगेत जातो, पाटगावच्या धरणात थांबतो, पुढे दूधगंगा, कृष्णा करत पार बंगालच्या उपसागराला मिळतो. पश्चिमेला पडलेलं पाणी मात्र कुडाळकडे उतरतं, कर्ली नदीला मिळतं आणि देवबागला समुद्रात शिरतं. "म्हणजे उद्या तुम्ही पोहणार त्याच किनाऱ्याला." भूगोलाच्या पुस्तकात जलविभाजक हा शब्द मी पाठ केला होता आणि परीक्षेत लिहिलाही होता. त्याच्यावर उभी मात्र पहिल्यांदाच राहिले. डावा पाय एका समुद्राच्या बाजूला, उजवा दुसऱ्या.

रांगणा हा एकाकी गड आहे. मुख्य रांगेपासून थोडा सुटलेला, एका चिंचोळ्या खिंडीनं घाटाशी जोडलेला. दरवाजे ओलांडत वर गेलं की तळं लागतं आणि पुढे रांगणाईचं देऊळ. देवळात आम्ही जेवलो. घरून आणलेल्या भाकऱ्या, ठेचा, दही. सर आम्हाला सोंडेसारख्या लांब माचीच्या टोकाला घेऊन गेले. समोर सगळं कोकण खाली पसरलेलं होतं, पण समुद्राच्या जागी नुसता धुरकट पांढरा पट्टा.

मला या गडावर यायचं होतं ते ताराराणींसाठी. १७०८ साली त्यांचे पुतणे, साताऱ्याचे शाहू महाराज, यांनी पन्हाळा घेतला तेव्हा त्या रांगण्यावर आल्या. मागोमाग इथेही वेढा पडला. रामचंद्रपंत अमात्यांनी त्यांना सिंधुदुर्गाकडे सुखरूप रवाना केलं आणि स्वतः गड लढवला. पावसाळा आला आणि शाहू महाराजांना वेढा उठवावा लागला. कोल्हापुरात आम्ही कावळा नाक्यावर ताराराणींचा घोड्यावरचा पुतळा रोज बघतो. त्याला वळसा घालून कॉलेजला जातो. पण वेढा पडलेल्या गडावरून राज्य पाठीशी घेऊन कोकणात उतरणं म्हणजे काय, हे त्या माचीवर उभं राहून खालची खोली बघताना कळलं. पोटात गोळा आला. त्याही आमच्याच वाटेनं उतरल्या असतील असं मी मनाशी धरलं आणि ते दिवसभर सोडलं नाही.

नारूरची उतरण बाराला सुरू केली. चढापेक्षा ती कितीतरी अवघड. कारवीची दाट झुडपं, खाली सुटा मुरूम, त्यावर वाळक्या पानांचा थर. पाय टाकला की पानांसकट घसरायचा. एकदा मामाही वाट चुकले. ओढ्याच्या पात्रातून पाऊण तास खाली जाऊन पुन्हा तेवढंच वर यावं लागलं. एकाच्या बुटाचा तळ उघडा पडला, तो मैत्रिणीच्या ओढणीनं बांधला. "दमानं. उतार हाय, पळू नगासा," हे मामांचं वाक्य मी त्या चार तासांत पन्नासदा ऐकलं असेल, आणि प्रत्येक वेळी त्याची गरज होती.

उतरता उतरता हवा बदलत गेली. पहाटे दात वाजवणारे आम्ही दोनच्या सुमाराला घामानं निथळत होतो, आणि तो घाम वाळेना. कोल्हापूरचं ऊन अंग भाजतं, पण घाम सुकवतं. इथे शर्ट पाठीला चिकटला तो चिकटलाच. माती तांबडी झाली. मग पहिली काजूची झाडं आली, मग फणस, मग कुणाचं तरी चिऱ्याचं कुंपण. गाडीतून झोपेत ओलांडलेला घाट हा असा, बोटाबोटानं बदलतो.

गावाच्या वरच्या अंगाला एका ठिकाणी उतार खणून मोकळा केलेला दिसला. झाडं नव्हती, नुसती उघडी तांबडी माती, आणि तिच्यात गेल्या पावसानं पाडलेल्या खोल चिरा. त्या वेळी मी तिथून पुढे निघून गेले.

पहिल्याच घराच्या खळ्यात एक काकी उभ्या होत्या. आमचे अवतार बघून त्यांनी विचारलं, "रांगण्यारसून इलात? बसा, बसा." पितळेच्या ताटात गुळाचे खडे आले आणि मागोमाग कळशीभर पाणी. घाईघाईनं तांब्या उचलणाऱ्या आमच्यातल्या एकाला त्यांनी थांबवलं, "आदी गूळ खावा, मगे पाणी पिया." त्या पाण्याची चव मी विसरणार नाही. सोळा माणसांना, न सांगता आलेल्यांना, त्यांनी वर पेजही खायला घातली. पैसे घ्या म्हटल्यावर त्या रागावल्या. मामा त्यांच्याकडेच मुक्कामाला राहिले. ते सकाळी परत चढून जाणार होते.

रात्र तारकर्लीत काढली. बांगड्याच्या तिरफळ घातलेल्या आमटीशिवाय त्या रात्रीचं काही आठवत नाही. मांड्या इतक्या दुखत होत्या की पायऱ्या उलट्या उतरत होतो.

रविवारी सकाळी मालवणच्या जेटीवरून होडीत बसलो. सिंधुदुर्गाला डावी घालून होडी त्याच्या मागे गेली. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी या किल्ल्याचं काम सुरू झालं हे आम्हा सगळ्यांना पाठ आहे. पण त्या तटाला बाहेरून, लाटांच्या बाजूनं कधी पाहिलं नव्हतं. हा परिसर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, २९.१२ चौरस किलोमीटरचं. अभयारण्य म्हटलं की इथल्या मच्छीमारांना पोटापाण्याची काळजी वाटते, आणि ती गैर नाही. आमचे होडीवाले काका पिढीजात मच्छीमार. आता हिवाळ्यात लोकांना पाण्याखालचं दाखवतात. नांगर त्यांनी वाळूचा तुकडा शोधून तिथे टाकला, खडकावर नाही.

मास्कच्या काचेला आतून थुंकी लावून धुवायची, म्हणजे वाफ धरत नाही. नळी दातात धरायची, तोंडानं श्वास घ्यायचा. इतकंच शिकवलं आणि एकेकाला पाण्यात सोडलं.

डोकं पाण्याखाली गेल्यावर मला आधी काही दिसलं नाही, ऐकू आलं. तापल्या तेलात मोहरी टाकल्यावर तडतडते ना, तसा आवाज, चहूबाजूंनी, न थांबता. मॅडमनी नंतर सांगितलं की खडकाच्या फटींत राहणारी छोटी कोळंबी आपल्या नांग्या फटकन मिटते, त्याचा हा आवाज. मला तर तो समुद्राच्या स्वयंपाकघराचाच वाटला. मग हळूहळू दिसायला लागलं. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे माझ्या हाताखालून गेले. फटीत काळे काटेरी सी अर्चिन. आणि प्रवाळ. चित्रात असतात तसे भडक नव्हेत. मातकट, हिरवट, पालथ्या टोपलीसारखे गोल. जवळ गेल्यावर त्यावर मोहरीएवढ्या नक्षीची घरं दिसतात, आणि प्रत्येक घरात एक जीव.

तेवढ्यात नळीत पाणी शिरलं. मी घाबरले आणि उभी राहायला गेले. पायाला काहीतरी खरखरीत लागलं. काका पोहत आले, दंड धरून मला वर उचललं आणि हळू आवाजात म्हणाले, "पाय खाली टेकव नको, बाय. तो फातर न्हय, ता जितां आसा." दगड नव्हे, जिवंत प्रवाळ. ते रागावले असते तर बरं झालं असतं. अशी एक टोपली वाढायला वर्षं लागतात आणि मी त्यावर उभी राहिले होते. उरलेला वेळ मी पाय पोटाशी घेऊन तरंगले.

शेजारच्या एका होडीतून पर्यटकांना मासे दिसावेत म्हणून पाण्यात पाव टाकत होते. मासे झुंडीनं वर येत होते, लोक टाळ्या वाजवत होते. काका म्हणाले, "ह्यांचा खाणा खडकार आसा. पाव कित्याक?" खडकावरचं शेवाळ खाऊन हेच मासे प्रवाळाला जागा मोकळी करून देतात. त्यांना पावाची सवय लावू नये, आणि कुणी लावत असेल तर निदान आपण टाळ्या वाजवू नयेत.

पाणी त्या दिवशी निवळ होतं, तरी एका बाजूला गढूळ पट्टा होता आणि तिथल्या प्रवाळांवर गाळाचं बारीक पांघरूण होतं. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हावर अन्न बनवून त्याला पोसतं. पाणी फार तापलं की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. मालवणला असं पांढरं पडल्याच्या नोंदी आहेत. गाळ बसला तरी ऊन अडतं. मॅडम हे सांगत होत्या आणि माझ्या डोळ्यांपुढे नारूरच्या वरचा तो खणलेला उतार आला. ती माती पावसाळ्यात कुठल्या वाटेनं जात असेल, हे सरांनी आदल्या सकाळी धारेवर उभं राहून सांगितलंच होतं. मीच ऐकून पुढे चालले होते.

परत निघताना ऊन चढलं होतं आणि हवा स्वच्छ झाली होती. किल्ल्याच्या तटावर, माडांच्याही वर, पूर्वेला सह्याद्रीची निळी रेघ उमटली. आम्ही सगळे रांगणा शोधायला लागलो. कुणी या टोकाकडे बोट दाखवी, कुणी त्या. मी काकांना विचारलं, तुम्हाला इथून डोंगर ओळखू येतात का?

त्यांनी वल्हं आडवं ठेवलं. "जीपीएस नाय होता तेवा बापूस डोंगर बघान खडप गाठी." लांबचं एक शिखर किल्ल्याच्या अमुक बुरुजावर आलं, आणि दुसऱ्या बाजूचा एक डोंगर अमुक देवळावर आला, की त्या दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे पाण्याखाली खडक. तिथेच जाळं टाकायचं किंवा तिथेच टाळायचं. मघाशी आम्ही उतरलो तो खडकही त्यांनी असाच गाठला होता. त्यांनी हात लांब करून अंगठा बुरुजावर धरला, एक डोळा मिटला आणि मला म्हणाले, आता तू बघ.

मी अंगठा धरला. होडी हलत होती. शिखर बुरुजाच्या डावीकडे होतं, मग थोडं सरकलं, आणि बरोब्बर त्याच्यावर येऊन बसलं.