घडीचा ट्रेलर घेऊन धुळे ते तोरणमाळ

तोरणमाळला घडीचा ट्रेलर, म्हणजे छप्पर मिटून गाडीमागे ओढायचा मुक्कामाचा ट्रेलर, न्यायचा असेल तर थंडीतच न्या. आम्ही दत्तजयंतीच्या सुमारास धुळ्याहून सोनगीर, दोंडाईचा, सारंगखेडा, शहादा असे गेलो. सारंगखेड्याला तेव्हा एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोडेबाजार भरलेला असतो. बाजार बघण्यासारखाच आहे, पण मागे ट्रेलर असेल तर गर्दी व्हायच्या आत, सकाळीच तापी ओलांडा.

आमचा ट्रेलर हलका, पाचशे किलोच्या आतला. छपराचे दोन पाखे उभे करून एकमेकांत अडकवले की आत माणूस उभा राहतो. मिटल्यावर गाडीच्या काचेखाली राहतो, त्यामुळे वारा धरत नाही आणि आरशात मागचा रस्ता दिसतो. मला ही रचना मनापासून आवडते.

दर थांब्यावर दोन्ही हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या, बेअरिंग असलेल्या भागाला, हात लावून बघायची सवय ठेवा. शहाद्याला चहाला उतरलो तेव्हा उजवा हब कोमट होता, डाव्यावर हात ठेववेना. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे काळे फराटे उडालेले. जवळच ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधणारं वर्कशॉप होतं. तिथल्या मिस्तरींनी चाक उतरवलं, बेअरिंग डिझेलमध्ये धुतलं आणि एकेक रोलर उजेडात फिरवून पाहिला. कुठे तापून आलेली निळसर झाक नाही, खड्डा नाही. "भाऊ, बेअरिंग चांगलं शे, सील गयेल शे." सील म्हणजे ग्रीस आत अडवणारं कडं; त्याची कड झिजून ग्रीस बाहेर पडत होतं. तळहातावर नवं ग्रीस घेऊन त्यांनी ते दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत बेअरिंगमध्ये दाबून भरलं. मग चाक फिरवत नट आवळला, किंचित मागे घेतला आणि नवी पिन घातली. नट घट्ट राहिला तर बेअरिंग पुन्हा तापतं. सीलवर नंबर कोरलेला असतो, तो लिहून ठेवा आणि एक जोडी सोबत बाळगा.

खानदेशात हे मोठं सुख आहे. ऊस, केळी, कापूस सगळं ट्रॉलीवर चालतं. त्यामुळे हब, पाटे (स्प्रिंग), यू-बोल्ट, वेल्डिंग जाणणारा माणूस कुठल्याही मोठ्या गावात भेटतो. चाकाकडची काळजी त्यांच्यावर सोपवा. छपराची बिजागरी, रबर, सांधे मात्र आपल्यालाच शिकून घ्यावे लागतात, कारण घडीचं छप्पर तिथे कुणी पाहिलेलं नसतं.

धुळे-जळगावच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि रबर कडक होतं. नखाने दाबून बघा. खळगी तशीच राहिली तर रबर बदला. सांध्यांना ब्युटाइल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी, लावा. जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन धरत नाही, पाणी आत मुरतं आणि प्लायवूड फुगतं. फुगलेला प्लाय बोटाला आधी कळतो, डोळ्याला नंतर, म्हणून पावसाळ्यानंतर सगळ्या कडा चाचपून घ्या.

डिझेल-पेट्रोल शहाद्यालाच भरा. म्हसावदच्या पुढे सातपुडा जवळ येतो आणि घाटात वळणं अगदी आवळती आहेत. ट्रेलरचं चाक आतून कापून जातं, तेव्हा वळण बाहेरून घ्या. पहाटे निघालात तर समोरून जीपा कमी येतात आणि वळणावर रिव्हर्स घ्यायची पाळी येत नाही. वजन पुढे ठेवा, पण हुकवर एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्केच यायला हवं; मागे भार गेला की ट्रेलर झुलायला लागतो. हलक्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक बहुधा नसतात, उतारावर तो गाडीला ढकलतो. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच्याही एक खालच्या गिअरमध्ये उतरा.

यशवंत तलावाच्या बाजूला वारा जोरात असतो. छप्पर उघडण्याआधी ट्रेलरचं तोंड वाऱ्याकडे करा. बाजूने झोत आला तर पाखा हातातून सुटतो आणि बिजागरीचे रिव्हेट उपटतात. रिव्हेट गन आणि मूठभर रिव्हेट सोबत असू द्या. सीताखाईची दरी दुपारच्या आत बघून या. सकाळी पत्र्यावर दव असतं. छप्पर पुसून, ऊन देऊनच मिटा, नाहीतर गाद्यांना बुरशी धरते. ट्रेलरच्या नोंदणीचे आणि विम्याचे कागद गाडीच्या कागदांसोबतच ठेवा, वाटेत विचारणा होते.