रेडिएटरची गुडगुड

थंडी पडली आणि हीटिंग चालू केलं की मी आधी रेडिएटरवर, म्हणजे आत गरम पाणी फिरून खोली तापवणाऱ्या भिंतीवरच्या त्या पॅनेलवर, वरपासून खालपर्यंत हात फिरवून बघते, कारण हाताला जेवढं कळतं तेवढं तापमान सांभाळणाऱ्या त्या थर्मोस्टॅटला सात जन्मात कळणार नाही. खाली कढत आणि वर गारढोण असेल तर समजायचं आत हवा अडकलीय. हवा हलकी, ती वर जाऊन ठाण मांडून बसते आणि गरम पाण्याला तिथवर पोचूच देत नाही. वरून पोट बिघडलेल्या माणसासारखी रात्रभर गुडगुड चालू, ती वेगळीच. (वर गरम आणि खाली मधोमध गार असेल तर भानगड निराळी, तळाला गंजाचा काळा गाळ साचलेला असतो, तिथे हवा काढून काही होत नाही.)

आता यावर बहुतेक लोक काय करतात, तर थर्मोस्टॅट वाढवतात! अरे, अर्धा रेडिएटर कामच करत नाहीये, आकडा वाढवून फक्त बिल वाढणार ना.

खरंतर हवा काढायचं काम एवढंसं आहे. हीटिंग बंद करून पाणी निवू द्यायचं, हे मात्र टाळू नका, हात भाजतो आणि पाणी फिरवणारा पंप चालू असला तर उलट हवा आत ओढली जाऊ शकते. मग वरच्या टोकाच्या त्या छोट्या चौकोनी तोंडाला रेडिएटरची चावी लावायची, खाली वाटी, हातात जुनं फडकं, आणि डावीकडे पाव फेरा, फार तर अर्धा. जास्त फिरवायचा मोह होतो पण स्क्रू अख्खा हातात आला तर काळं पाणी थेट भिंतीवर.

आणि मग तो सुस्स! मला तो आवाज भयंकर आवडतो. आधी जोरात, मग दम लागल्यासारखा तुटक, मध्येच फुर्रकन दोन-चार काळपट थेंब उडतात, लोखंडाचा वास येतो, आणि मग एकदम आवाज थांबून पाण्याची बारीक सलग धार लागते. लगेच बंद करायचं. दोन मजली घर असेल तर खालच्या मजल्यापासून सुरुवात करून वर जायचं.

बंद सिस्टीम (म्हणजे पाणी दाबाखाली कोंडलेलं, उघडी टाकी नाही) असेल तर नंतर पाणी तापवणाऱ्या बॉयलरवरचा दाबाचा काटा बघायचाच. गार असताना दाब साधारण 1 ते 1.5 बार असायला पाहिजे, हवा काढल्यावर तो उतरतो, मग पाणी भरावं लागतं. आणि गंमत अशी की त्या ताज्या पाण्यातच विरघळलेली हवा असते, पाणी तापलं की ती सुटते, म्हणजे थोडी गुडगुड परत येणारच, त्याचं एवढं काही नाही.

पण दर थोड्या दिवसांनी तेच करावं लागत असेल तर एकतर कुठेतरी गळतंय नाहीतर आतून गंजतंय, आणि गंजताना जो वायू तयार होतो तो हवा नसून हायड्रोजन असतो, पेट घेणारा. तेव्हा चावी ठेवून द्या, जाणकार माणसाला बोलवा, आणि त्या सुस्सजवळ काडेपेटी घेऊन तेवढं उभं राहू नका.