आमच्या घरचा ‘र’

दक्षिण इंग्लंडमध्ये ‘सॉस’ आणि ‘सोर्स’ कानाला सारखेच लागतात. ‘पकडलं’ या अर्थाचं ‘कॉट’ आणि न्यायालयाचं ‘कोर्ट’ही सारखंच. स्पेलिंगमध्ये ‘र’ असतो, पण त्याच्यापुढे स्वर नसेल तर इथली माणसं तो उच्चारत नाहीत. आपण मराठी माणसं मात्र तो म्हणतोच. इथल्या रेडिंग गावात राहून याची सवय झाली होती. पण परवा पालकसभेत लेकीच्या टीचरनी जे सांगितलं, ते ऐकून मला भरून आलं.

लेक इयर फोरमध्ये, म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या वर्गात आहे. अशा जोड्यांच्या स्पेलिंगमध्ये वर्गातली बरीच मुलं अडखळतात, हिचं मात्र चुकत नाही. टीचरनी कारण विचारलं, तर म्हणाली, “आई कशी म्हणते ते मनात आठवते.” मग टीचरनी तिला फळ्यापाशी उभं करून ते शब्द माझ्यासारखे म्हणायला सांगितले, म्हणजे ‘र’ कुठे लपलाय ते सगळ्यांना कळेल. ज्या उच्चारापायी ऑफिसच्या कॉलवर मला तेच वाक्य पुन्हा सांगावं लागतं, तो इथे वर्गात शिकवायच्या कामी आला!

आणि हा ‘र’ काही आपण घुसवलेला नाही. तो यांचाच आहे. कॅक्स्टन नावाच्या मुद्रकाने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला, त्यानंतर छपाईबरोबर स्पेलिंगं हळूहळू पक्की होत गेली. उच्चार मात्र बदलतच राहिले. सरदाराच्या ‘नाईट’मधला ‘क’ पूर्वी उच्चारला जायचा, तो गेला आणि रात्रीची ‘नाईट’ तशीच ऐकू यायला लागली. दक्षिणेतला ‘र’ साधारण अठराव्या शतकात पुसट झाला. स्कॉटलंडमध्ये, आयर्लंडमध्ये तो अजून ठणठणीत आहे. तिथल्या माणसाला कुणी उच्चार सुधारायला सांगताना मी तरी ऐकलेलं नाही, हे मला मुद्दाम नोंदवायचंय.

इथल्या अभ्यासक्रमात अशा शब्दांची यादीच ठरलेली आहे, हे मात्र खरंच कौतुकाचं. इयर टूपासून ‘देअर’ची तीन रूपं: तिथे, त्यांचं आणि ते आहेत. मोठ्या वर्गात ‘स्टेशनरी’: वह्या-पेनांची असेल तर ‘ई’, तो ‘एन्व्हलप’मधला, जागचं न हलणारं असेल तर ‘ए’. ‘प्रॅक्टिस’ नाम असेल तर ‘सी’, क्रियापद असेल तर ‘एस’, आणि शंका आली की ‘ॲडव्हाइस’-‘ॲडव्हाइझ’ म्हणून बघायचं, कारण तिथे फरक ऐकू येतो. अमेरिकेत दोन्हीकडे ‘सी’ चालतो. त्यामुळे पुण्यात अमेरिकन क्लायंटसाठी वर्षानुवर्षं लिहिलेल्यांना इथे हे नव्याने शिकावं लागतं.

तरीही ऑफिसातली इथेच जन्मलेली, शिकलेली माणसं ‘शुड हॅव’च्या जागी ‘शुड ऑफ’ लिहितात. ईमेलमध्ये! मला ते बघवत नाही. त्यांनी भाषा कानाने घेतली, आणि घाईत बोलताना दोन्ही सारखंच ऐकू येतं. आम्ही मराठी माध्यमवाले. इंग्रजी पहिलीपासून आलं 2000 मध्ये, आमच्या वेळी ते पाचवीला सुरू व्हायचं. सी-ओ-यू-आर-टी कोर्ट, असं एकेक अक्षर घोकून. त्या घोकंपट्टीला सगळे नावं ठेवतात, पण डोळ्यांनी शिकलेला माणूस ‘शुड ऑफ’ लिहीत नाही.

आता आपल्याकडे जनावरांचा डॉक्टर ‘व्हेट’ आणि ओला ‘वेट’ यांत गल्लत होते, हे मान्य. आणि ‘महाराष्ट्र दीन’ असं लिहिलेले फलक दर 1 मे रोजी दिसतात, तेही मला माहीत आहे. पण तिथे निदान कुणी साहेबाच्या थाटात आपल्याला शिकवायला येत नाही.

इथे मुलं घेऊन येणाऱ्यांना एवढंच सांगेन: घरी अभ्यास घेताना आपला ‘र’ खुशाल म्हणा. तो सगळीकडे पुरत नाही, हेही खरं. मांसाचं ‘मीट’ आणि भेटायचं ‘मीट’ यांत धरायला ‘र’च नाही. तिथे पाठच करावं लागतं, आणि ते मी रोज संध्याकाळी लेकीकडून करून घेते.