कालीघाटातला आठवडा

रविवार

दुपारी हावड्याला उतरलो. आमच्या संस्थेत पहिली व्रतं घेतलेल्या ब्रदरला काही काळ मोठ्या शहरात सेवेसाठी पाठवतात. कोलकाता मी स्वतः मागून घेतलं. आमच्या घरी येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीशेजारी मदर तेरेसांचं चित्र आहे, ते पाहत लहानाचा मोठा झालो. ज्या गल्ल्यांतून त्या चालल्या, तिथे एकदा तरी हातांनी काम करायचं होतं. पूल ओलांडताना खाली हुगळी, वर ते अवाढव्य लोखंड आणि मध्ये एवढी माणसं, की मी खिडकीतून नुसता बघत राहिलो.

सोमवार

सकाळी सहाची मिस्सा, म्हणजे आमचा उपासनाविधी, ए. जे. सी. बोस रोडवरच्या मदर हाऊसमध्ये, मदरच्या सिस्टर्सच्या मुख्य घरात. चॅपलच्या खिडक्या रस्त्याकडे उघडतात. प्रवचन चालू असताना बसचे हॉर्न, फेरीवाल्यांच्या हाका, सगळं आत येतं. सिस्टर्स जमिनीवर बसतात. क्रुसाशेजारी येशूचे शब्द आहेत, "मला तहान लागली आहे." त्यांच्या जगभरातल्या प्रत्येक चॅपलमध्ये हेच शब्द असतात. तळमजल्यावर मदरची समाधी, वर फुलांच्या पाकळ्या मांडलेल्या. थोडा वेळ गुडघ्यावर बसलो.

मिस्सेनंतर स्वयंसेवकांना पाव, केळं आणि चहा. दुपारी शिशु भवनात नावनोंदणी. सिस्टरनी विचारलं, "कुठे जायला आवडेल?" मी म्हटलं, "निर्मल हृदय."

मंगळवार

निर्मल हृदय कालीमंदिराला अगदी खेटून आहे. एका दाराशी जास्वंदीचे हार विकायला बसलेले, शेजारच्या दारातून आम्ही आत जातो. मंदिरात येणाऱ्या यात्रेकरूंसाठी बांधलेली ही धर्मशाळा महापालिकेने मदरना दिली आणि २२ ऑगस्ट १९५२ ला घर सुरू झालं. रस्त्यावर मरणाला टेकलेल्या माणसाला कोणतंच रुग्णालय घेत नसे, त्याच्यासाठी. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, मधे बुटक्या खाटांच्या रांगा.

माझ्या वाट्याला कपडे आले. चादरी, अंगरखे, घोंगड्या, सगळं हातांनी धुवायचं. भिजलेली घोंगडी एकट्याला पिळवत नाही. समोर एक स्पॅनिश निवृत्त शिक्षक होते. ते एका अंगाला पीळ देणार, मी उलट्या अंगाला. भाषा एकमेकांची येत नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या घोंगडीला ताल जमला. मग बादल्या उचलून गच्चीवर. संध्याकाळी पाठ सरळ होईना, तरीही आनंद झाला होता.

बुधवार

आजचं मात्र नीट लिहून ठेवायचं आहे.

जेवणाच्या वेळी मला एका आजोबांपाशी बसवलं. अर्ध्या अंगावरून वारा गेलेला, तोंडाची एक बाजू ओघळलेली. इथे वर्षानुवर्षं काम करणारे एक दादा शेजारी बसले आणि त्यांनी भरवणं म्हणजे काय ते दाखवलं. आधी पाठीला उशा लावून ताठ बसवायचं. हनुवटी जरा खाली. आपण उभं राहायचं नाही, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला बसायचं, नाहीतर त्यांना मान वर करावी लागते आणि घास वाकड्या वाटेने जातो. चमचा अर्धाच भरायचा. घास चांगल्या बाजूच्या गालात सोडायचा. कंठ हलला की गिळलं, तोवर दुसरा चमचा पुढे करायचा नाही. पातळ पाणी पटकन ठसका आणतं, म्हणून पेज दाट ठेवायची. अन्न श्वासनळीत गेलं तर अशक्त माणसाला त्यातून न्यूमोनिया होतो आणि तेवढं त्याचा जीव घ्यायला पुरतं. जेवण झाल्यावर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही.

नंतर त्यांनी कूस बदलायला शिकवलं. ज्याला स्वतः हलता येत नाही त्याला दर दोन तासांनी वळवावं लागतं. माकडहाड, खुबे, टाचा, जिथे हाडावर मांस कमी तिथे आधी जखम होते. ओढून सरकवायचं नाही, चादरीसकट उचलायचं, कारण घासलं की कातडी सोलते.

हे सगळं त्या दादांच्या हातात आहे. कुठल्या पुस्तकातून आलेलं नाही. मी त्यांच्या हातांकडे पाहत होतो आणि मनात सारखं पाटणा येत होतं.

मदरची गोष्ट सांगताना आपण १० सप्टेंबर १९४६ ला दार्जिलिंगच्या गाडीत त्यांना आलेल्या, गरिबांत जाऊन राहण्याच्या हाकेबद्दल बोलतो आणि तिथून थेट झोपडपट्टीत पोचतो. मधलं पाटणा राहून जातं. ऑगस्ट १९४८ मध्ये, जिथे त्या नन होत्या ते लोरेटो कॉन्व्हेंट सोडल्यावर त्या आधी पाटण्याला मेडिकल मिशन सिस्टर्सच्या रुग्णालयात गेल्या. वर्षानुवर्षं शिकवण्यात घालवलेली बाई तिथे इंजेक्शन देणं, बाळंतपण, मलमपट्टी शिकली. आपल्या सिस्टर्सनी गरिबांसारखं नुसतं मीठभात खाऊन राहावं असा त्यांचा विचार होता. पाटण्याच्या सिस्टर्सनी बजावलं की असं खाल्लं तर काम करायला माणसंच उरणार नाहीत. त्यांनी ऐकलं. डिसेंबरमध्ये कोलकात्याला परतून मोतीझीलच्या वस्तीत मुलांना शिकवायला सुरुवात केली. हाक आली म्हणून काम येतं असं त्यांनीही मानलं नाही. हे मला आधी कोणी ठासून सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आणखी एक गोष्ट लिहितो, कारण ती टाळली तर वर लिहिलेल्याला अर्थ राहणार नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाचे संपादक रॉबिन फॉक्स १९९४ मध्ये हे घर पाहून गेले. इथली स्वच्छता, जखमांची निगा आणि माया त्यांनी नोंदवली. त्याच लेखात हेही लिहिलं की तीव्र वेदनेवर पुरेशी औषधं नाहीत आणि आजाराचं निदान नीट होत नाही. माझं मदरवर प्रेम आहे, म्हणूनच हा लेख मी बाजूला सारू शकत नाही. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणाऱ्यांचं शुश्रूषाघर, उभारणाऱ्या सिसिली सॉन्डर्सही श्रद्धाळू ख्रिस्तीच. आधी नर्स, मग समाजसेविका, आणि मरणाऱ्यांच्या वेदनेवर काम करायचं म्हणून चाळिशी जवळ आली असताना डॉक्टर. वेदना थांबवता येत असेल तर ती थांबवणं ही प्रार्थनाच आहे, असं मला मनापासून वाटतं.

गुरुवार

गुरुवारी स्वयंसेवकांना सुट्टी. आम्ही काही जण सियालदाहून लोकलने टिटागढला गेलो. रुळांच्या कडेला गांधीजी प्रेम निवास आहे, कुष्ठरुग्णांचं. तिथे हातमाग चालतात. सिस्टर्सची निळ्या काठाची पांढरी साडी इथेच विणली जाते.

बोटं झडलेल्या हातांनी एक बाबा धोटा मारत होते. कुष्ठरोगाचे जंतू नसांवर घाला घालतात, संवेदना जाते, मग चटका बसला तरी कळत नाही, जखम चिघळते आणि बोट जातं. आज बहुविध औषधोपचाराने हा रोग बरा होतो, औषध फुकट मिळतं, तरी लोक उंबऱ्याबाहेरच ठेवतात. बाबांनी मला मागाजवळ बोलावून काठाची निळी वीण दाखवली. तुटलेला धागा त्यांनी तळहाताच्या कडेने आणि दातांनी सांधला. किती वेळ बघत होतो कोण जाणे. गाडी पकडायला धावावं लागलं.

शुक्रवार

सकाळी पोचलो तेव्हा कोपऱ्यातली एक खाट रिकामी होती, गादी धुऊन उन्हात टाकलेली. पहाटे गेले म्हणे. हिंदू असेल तर ओठांना गंगाजल, मुसलमान असेल तर कुराणातलं पठण, ख्रिस्ती असेल तर पवित्र तैल, ज्याचं जे त्याला. मी मिशनरी आहे, प्रभूचं नाव सांगायला निघालोय, आणि त्याबद्दल मला संकोच नाही. पण मरणाऱ्या माणसाकडून त्याचं स्वतःचं शेवटचं हक्काचं काही काढून घ्यायचं नाही, हे मला पटतं. खाटेपाशी उभं राहून मनातल्या मनात प्रार्थना केली.

मग दाढ्या. साबण, वस्तरा, कोमट पाणी. बुधवारच्या आजोबांनी हात हलवत मिशीकडे खूण केली: ही ठेव. ठेवली, कडा कातरीने नीट केल्या. आरसा धरला. त्यांनी बराच वेळ स्वतःकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

शनिवार

पुन्हा कपडे, पुन्हा भरवणं. दादांनी आज मला एकट्याला आजोबांपाशी सोडलं आणि ते दुसऱ्या खाटेकडे गेले. वाटीभर पेज संपायला पाऊण तास लागला. एकदाही ठसका नाही.

रात्री फादरांना पत्र लिहिलं. केरळात कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजमध्ये १९९३ पासून वेदनाशमन आणि परिहार सेवेचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास हलका करण्याचं, काम चालतं, तिथे सर्वसामान्य स्वयंसेवकांनाही शिकवतात. मला तिकडे पाठवा, अशी विनंती केली आहे. येत्या वर्षी माझा धर्मशास्त्राचा अभ्यास सुरू व्हायचा आहे. तो एक सत्र पुढे ढकलला तर चालेल का, एवढंच विचारलंय.