सामानगड ते कोवाड, पायी

कोल्हापूर जिल्ह्यातल्याच गडहिंग्लजला जायचं, तरी एसटी मधेच कर्नाटकात शिरते. कागल सुटलं की दूधगंगा ओलांडायची, मग कोगनोळी, निपाणी, संकेश्वर, आणि पुन्हा महाराष्ट्र. कंडक्टरला त्याचं काही वाटत नाही. आमच्यातल्या पुण्याच्या एका काकूंनी मात्र मोबाईलवरचा नकाशा उघडून ‘आपण बरोबर गाडीत आहोत ना?’ असं विचारून घेतलं.

या रस्त्यावर निम्मं मराठी ग्रामीण साहित्य खिडकीतूनच दिसतं. कागल म्हणजे आनंद यादव. ‘झोंबी’तली शाळेसाठी बापाशी चाललेली झुंज याच पांदीत आणि याच मळ्यांत झाली. पुढे निपाणी, म्हणजे महादेव मोरे. पिठाची गिरणी चालवत तंबाखूच्या वखारीतल्या बायकांवर आणि टॅक्सीवाल्यांवर आयुष्यभर लिहिणारा माणूस. गाडी निपाणीच्या स्टँडवर थांबली तेव्हा बाहेर शेंगा विकणारा पोरगा मराठीत हाक देत होता आणि सुट्ट्या पैशांवरून कानडीत भांडत होता. मोऱ्यांच्या कथा वाचलेल्यांनी एकमेकांकडे बघून मान डोलावली.

आमची ही पायी सहल कोल्हापुरातल्या एका हौशी गटाने आखली होती. कल्पना साधी: सामानगडावरून निघून नेसरीची खिंड, तिथून कोवाड, आणि शेवटी गाडीने आजरा. वाटाड्या म्हणून याच भागातले एक निवृत्त प्राथमिक शिक्षक. सगळे त्यांना ‘सर’च म्हणत होते. पायात साधी चप्पल, खांद्याला शबनम, शबनममध्ये पुस्तकं आणि भडंगाची पुडी. पुण्या-मुंबईची मंडळी ट्रेकिंगचे बूट, काठ्या आणि पाण्याच्या नळ्या लावलेल्या सॅक घेऊन आली होती. सर त्या नळ्यांकडे बघून फक्त म्हणाले, ‘बेस्ट हाय की.’

सामानगड गडहिंग्लजच्या दक्षिणेला, जवळच. भलामोठा किल्ला नव्हे. जांभ्याचं पठार, त्याला तटबंदी आणि खडकात खोदलेल्या विहिरी. कमानींच्या विहिरीत पायऱ्या उतरत गेलं की भर दुपारीही अंगावर गारवा येतो. सरांनी आम्हाला तिथेच बसवलं आणि १८४४ सालचं गडकऱ्यांचं, म्हणजे किल्ल्यांची राखण करणाऱ्यांचं, बंड सांगितलं. कोल्हापूर संस्थानात इंग्रजांच्या सल्ल्याने कारभार सुरू झाला, गडकऱ्यांच्या वंशपरंपरागत जमिनींचा वहिवाट-हक्क मामलेदारांकडे द्यायचं ठरलं, आणि पहिली ठिणगी याच गडावर पडली. बंड पसरलं, मोडलंही गेलं. ‘जमीन म्हटलं की इकडं माणूस पेटतो,’ सर म्हणाले, आणि शबनममधून राजन गवस यांचं ‘तणकट’ काढलं. गवस याच तालुक्यातल्या अत्याळचे. त्या कादंबरीला २००१ साली साहित्य अकादमी मिळाला. गावातलं जातीचं राजकारण, मोर्चे, पुढारी आणि त्यात भरडली जाणारी माणसं, असा तिचा ऐवज. सरांनी वाचलेलं पान चांगलं होतं, पण विहिरीत आवाज घुमत होता, त्यामुळे निम्मं कळलं नाही. तरी कुणी उठलं नाही, कारण वर ऊन होतं.

गडावरून नेसरीकडे चालायला लागलं की प्रदेश हळूहळू बदलतो. सुरुवातीला काळपट रान, उसाचे फड, तोडणी चालू असलेली, आणि मिरचीची शेतं. संकेश्वरी मिरची म्हणून जी बाजारात मिळते तिचं मोठं मार्केट गडहिंग्लजला आहे. एका खळ्यावर लाल मिरची वाळत घातली होती, तिच्या बाजूने जाताना सगळा गट शिंकत गेला. पुढे माती लाल होते, काजूची झाडं सुरू होतात, आणि फेब्रुवारी असल्यामुळे त्यांना मोहर आलेला. वास असा की आंब्याचा म्हणावा तर नाही.

याच वाटेवर एका फाट्याला ट्रॅक्टर थांबलेला दिसला. ट्रॉलीत बायका-पुरुष, पोरं, भांडीकुंडी, सगळ्यांची कपाळं भंडाऱ्याने पिवळी. माघी पौर्णिमेची सौंदत्तीच्या यल्लम्मादेवीची यात्रा करून परत निघालेले. खाली उतरून चहा करत होते. देवीला वाहिलेल्या एका म्हाताऱ्या जोगतिणीने यल्लम्माचा जग, म्हणजे देवीची मूर्ती, डोक्यावरून उतरवून सुपलीवर टेकवला होता, आणि तिच्या शेजारी एकजण चौंडकं काखेत धरून नुसतीच तार ताणून बघत होता. मी जवळ जाऊन पाहिलं. लाकडाचं पोकळ नळकांडं, खालचं तोंड कातड्याने मढवलेलं, कातड्यातून निघालेली आतड्याची तार, आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला मुठीत धरायचा लाकडी तुकडा. काठीच्या बारक्या तुकड्याने छेडायचं आणि मुठीने ताण कमी-जास्त करायचा. आवाज गळ्यासारखा वर-खाली जातो. ‘वाजवा की,’ म्हटल्यावर त्याने ‘चा हू दे आधी’ असं उत्तर दिलं.

चहा झाला, मग वाजलं. ‘उदं गं आई उदं’ म्हणताना ट्रॉलीतली पोरंही ओरडली. आमच्यातल्या कुणीतरी व्हिडिओ काढायला मोबाईल उगारला तेव्हा सरांनी हाताने खाली करायला लावला. पुढे चालायला लागल्यावर त्यांनी ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या गवसांच्या कादंबऱ्यांबद्दल सांगितलं. एक देवाला सोडलेल्या मुलीची, दुसरी जोगत्याची. ‘त्या पुस्तकांत भक्ती कमी आन् जाच जास्त हाय. तुम्ही आत्ता नुसती भक्ती बघितली. दोन्ही खरं,’ एवढं बोलून ते पुढे निघून गेले. अख्ख्या सहलीत त्यांनी केलेलं साहित्यिक भाष्य म्हणावं तर हेच, आणि मला ते कुठल्याही परिसंवादापेक्षा आवडलं.

नेसरीचा मुक्काम एका ओळखीच्या घरी होता. जेवणात नाचणीची भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा, घट्ट दही आणि आमटी. झोपायला सतरंज्या. डासांविषयी काही लिहीत नाही.

नेसरीची खिंड. २४ फेब्रुवारी १६७४. ही तारीख इथे शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. सरसेनापती प्रतापराव गुजरांनी उमराणीला बहलोलखानाला कोंडीत पकडून नंतर सोडून दिलं, महाराजांचा ठपका आला, आणि तो मनाला लागून प्रतापराव मूठभर स्वारांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडले. कुसुमाग्रजांच्या ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ या कवितेने हा प्रसंग घराघरात पोचवला. हृदयनाथ मंगेशकरांची चाल आणि लताबाईंचा आवाज मिळाल्यावर तर विचारायलाच नको. आता स्मारक आहे, दिवसभर गाड्या येतात. स्मारकाजवळ उभं राहून आमच्यातल्या बहुतेकांनी ते गाणं मोबाईलवर लावलं. एकाच वेळी, वेगवेगळ्या ओळींवर.

खरं सांगायचं तर गाणं ऐकून मनात जी खिंड उभी राहते तसे कडे इथे नाहीत. उतरत्या टेकड्या, मधून वाट. प्रतापरावांबरोबरच्या स्वारांची नावं म्हणून जी सांगितली जातात त्यांत सिद्दी हिलाल हे नाव आहे, आणि सरांनी ते मुद्दाम दोनदा उच्चारलं. नेमके सातच होते का, यावर इतिहासकारांचा वाद आहे. पण कवितेने आकडा ठरवून टाकला आणि आता तो कुणी बदलू शकणार नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. कवितेला तेवढा हक्क असावा. राज्याभिषेक त्यानंतर साडेतीन महिन्यांत झाला, हे लक्षात घेतलं की रायगडावर त्या दिवशी कोण नव्हतं ते कळतं.

खिंडीतून कोवाडकडे निघालो आणि चंदगड तालुका लागला. इथली बोली कान देऊन ऐकावी लागते. कोल्हापूरची रांगडी मराठी, तिला कोकणीचा हेल आणि मधे मधे कानडी. मी रंकाळ्यावर वाढलेला माणूस, तरी रताळी काढणाऱ्या एका आजींचं बोलणं मला दुसऱ्या खेपेला कळलं. त्या म्हणत होत्या, उन्हात कशाला फिरता, घरात काही काम नाही का. उत्तर सुचलं नाही. त्यांनी आम्हाला चार चार रताळी दिली आणि पैसे घेतले नाहीत.

कोवाड रणजित देसाईंचं गाव. १९२८ साली जन्म इथला, आणि मोठं नाव झाल्यावरही ते गाव सोडून शहरात गेले नाहीत. सहलीच्या कागदावर ‘स्वामीकारांचं कोवाड’ असं छापलेलं होतं, आणि जवळपास प्रत्येकाच्या सॅकमध्ये ‘स्वामी’ होती. मला ते पटलं नाही, आणि वाटेत मी सरांशी त्यावर वादही घातला. ‘स्वामी’ थोर आहेच. १९६२ साली आली, अकादमी मिळाला, माधवराव-रमाबाई आपल्या आया-मावश्यांनी डोळे पुसत वाचले. पण ती पुण्याची, शनिवारवाड्याची, थेऊरची. ती हातात घेऊन थेऊरला जावं. कोवाडला यायचं तर ‘माझा गाव’ आणि ‘बारी’ वाचून यावं. ‘बारी’ ही बेळगावच्या वाटेवरच्या सुतगट्टीच्या जंगलातल्या बेरडांची गोष्ट. रस्ता बदलतो, जंगल तुटतं, आणि त्याबरोबर एका जमातीचं जगणं बदलत जातं. जहागीरदाराच्या घरात जन्मलेल्या माणसाने ती लिहिली हे विशेष. पेशव्यांच्या आणि महाराजांच्या कादंबऱ्यांच्या ढिगाऱ्याखाली ही दोन पुस्तकं दबून गेली. सर म्हणाले, ‘लोकांना राजं पाहिजेत. बेरड कुणाला पाहिजेत?’ एवढ्यावर वाद संपला.

पुण्याच्या काकू तोवर गप्प होत्या. गावात शिरल्यावर त्यांनी विचारलं, ‘आणि माधवीताईंचं कुणी काहीच कसं सांगत नाही?’ माधवी देसाई, भालजी पेंढारकरांच्या कन्या, रणजित देसाईंच्या पत्नी. त्यांचं ‘नाच गं घुमा’ हे आत्मकथन मराठीत गाजलेलं आहे, आणि ते वाचलेल्या बाईला कोवाड हे गाव वेगळंच दिसतं. सर जरा चपापले. मग प्रामाणिकपणे म्हणाले की पुरुष मंडळी जास्त असली की तो विषय ते काढत नाहीत. यानंतर सगळ्या बायका पुढे आणि आम्ही मागे, अशी रांग झाली. काकूंनी चालता चालता ते पुस्तक जवळपास अर्धं सांगितलं. छापील कार्यक्रमात हा भाग नव्हता, आणि सगळ्यात जास्त प्रश्न इथेच विचारले गेले.

कोवाडची बाजारपेठ ताम्रपर्णी नदीला खेटून आहे. नाव एवढं देखणं, पण फेब्रुवारीत पाणी कमी आणि शांत. एका किराणा दुकानात गूळ-शेंगदाणे घ्यायला गेलो तर मालकाने भिंतीकडे बोट केलं. डोक्याच्याही वर ऑइलपेंटने मारलेली रेघ आणि शेजारी २०१९. पूर त्या रेघेपर्यंत होता. फळ्या बदलल्या, फर्निचर नवं केलं, रेघ मात्र रंगकामवाल्याला पुसू दिली नाही. ‘रंग नवा दिला की ती परत मारून घ्यायची,’ तो म्हणाला. ‘नायतर इन्शुरन्सवाला इस्वास ठेवत न्हाई.’ दुकानाच्या पायरीवर बसून आम्ही गूळ खाल्ला. ‘स्वामी’ची पारायणं केलेले एक गृहस्थ त्या रेघेचा फोटो काढत राहिले.

आजऱ्याबद्दल थोडक्यात. तिथे पोचलो ते जीपने, आणि पाय बोलत होते. शिवाजी सावंतांचा जन्म इथला, १९४०चा. कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये नोकरी करता करता त्यांनी ‘मृत्युंजय’ लिहिली, ती १९६७ साली आली तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. जीपमध्ये कर्ण मोठा की ‘छावा’तले संभाजीराजे यावर इतकं भांडण झालं की ड्रायव्हरने रेडिओ बंद करून त्यात भाग घेतला. तो कर्णाच्या बाजूचा. हिरण्यकेशीच्या काठावरचं रामतीर्थ पाहिलं, खडकांवरून उड्या घेत जाणारं पाणी पाहिलं, श्रीमंत गंगामाई वाचन मंदिरात जाऊन पुस्तकांच्या कपाटांपुढे रेंगाळलो. दुपारी घनसाळ तांदळाचा भात. भांड्याचं झाकण काढल्यावर वास पडवीपर्यंत आला. या तांदळाला भौगोलिक मानांकन आहे, पण घनसाळच्या नावाखाली बाजारात काहीही खपवतात. घ्यायचा तर आजऱ्यातल्या शेतकऱ्याकडूनच घ्यावा.

कुणाला जायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारी बरा. एप्रिलनंतर त्या पठारावर सावली शोधत फिरावं लागेल, आणि पावसात चंदगड-आजऱ्याकडच्या पायवाटांवर जळवा आणि चिखल. सामानगडावर पाणी भरून न्यावं. नेसरी-कोवाडला लॉजची अपेक्षा ठेवू नये, राहायची सोय आधी कुणाच्या तरी ओळखीने करावी. कोवाडहून बेळगाव जवळ पडतं, परतीला गाड्याही तिकडून जास्त, म्हणून पुण्या-मुंबईच्या मंडळींनी तिथूनच रेल्वे पकडली. आम्ही कोल्हापूरकर आजऱ्याहून एसटीने. पुढच्या हिवाळ्यात हेच लोक पन्हाळ्याच्या बाजूला एक फेरी आखतायत: मोरोपंतांचा जन्म पन्हाळ्यावरचा, त्याच तालुक्यातली कृष्णात खोत यांची निकमवाडी, आणि मग शाहूवाडीत विश्वास पाटलांचं नेर्ले. सरांनी आत्ताच बजावलंय की ‘पानिपत’ घरी ठेवून ‘झाडाझडती’ घेऊन या.