डब्लिनच्या उन्हाळ्यातली स्पॅनिश पोरं

जुलै आला की आमच्या डब्लिनच्या बसचा वरचा मजला स्पॅनिश पोरांनी भरून जातो, सगळ्यांच्या पाठीला एकसारख्या बॅगा आणि आवाज तर विचारूच नका. बारा-पंधरा वर्षांची ही मुलं इंग्लिश शिकायला येतात, सकाळी क्लास, दुपारी भटकंती आणि राहायला कुठल्यातरी आयरिश कुटुंबात. आमच्या शेजारच्या काकू दरवर्षी ठेवतात ना, म्हणून जवळून बघितलंय. क्लासात काय व्हायचं ते होत असेल, पण खरं इंग्लिश सुटतं ते किचनमध्ये. स्पेनमध्ये रात्री नऊ-दहाला जेवणारं पोर इथे संध्याकाळी सहाला ताटात बटाटे बघून गोंधळतं, मग झोपायच्या वेळी भूक लागली की टोस्ट मागायला तरी तोंड उघडावंच लागतं! काकूंचा नियम पक्का, एकाच भाषेची दोन मुलं घरात नकोत, नाहीतर खोलीचं दार लावून स्पॅनिशच चालू (बसमध्ये तेच चालतं म्हणा).

तीन आठवड्यांत कोणी फाडफाड बोलायला लागत नाही, पण भीड चेपते हे नक्की.

आणि गंमत बघा, त्याच उन्हाळ्यात आयरिश पोरं कॉनेमारा, डोनेगलकडच्या गेल्टाख्ट भागात (म्हणजे जिथे आयरिश भाषा अजून रोज बोलली जाते) अशीच लोकांच्या घरी राहायला जातात, पण आयरिश शिकायला, आणि तिथे इंग्लिश बोलायला बंदी, फारच झालं तर घरी पाठवतात. काकूंची लेक तिकडे, तिच्या खोलीत माद्रिदची मुलगी, काकूंचा हिशोब बरोबर जमतो.